गाडीचं नाक चोंदलं तेव्हा

गाडी बिघडली की मालक पुढे जाऊन बॉनेट उघडतो. आत काय आहे हे त्याला ठाऊक नसतं, पण उघडून बघितलं नाही तर चारचौघांत बरं दिसत नाही. तो दोन वायरी हलवतो, रेडिएटरवर हात ठेवतो, चटका बसला की समजल्यासारखी मान डोलावतो आणि मग मेस्त्रीला बोलावतो. मी बंगळुरात हलसूरच्या बाजूला, जुन्या मद्रास रस्त्यावर, गाड्या दुरुस्त करण्यात उभा जन्म काढला. त्यातला बराचसा काळ गाडीच्या मागे उकिडवा बसून गेला. गाडीचा सगळा रुबाब पुढे असतो. चकचकीत जाळी, मोठाले दिवे, साहेब सरकारी असेल तर झेंड्याची काठी. मागे फक्त एक काळी नळी असते. पुढची बाजू मालकाची आणि मागची गाडीची, अशी वाटणी मी मनाशी केव्हाच करून टाकली होती.

इंजिनात फार गूढ काही नाही. ते हवा आत घेतं, तिच्यात पेट्रोल मिसळून जाळतं आणि धूर बाहेर टाकतं. छातीभर श्वास घ्या आणि तो सोडूच नका, म्हणजे पुढचा घेता येत नाही, इंजिनाचंही तेच. धूर नुसता सोडला तर तोफखाना आल्यासारखा आवाज होतो, म्हणून वाटेत एक लांबट डबा बसवतात. तो सायलेन्सर. त्याच्या आत भोकं पाडलेल्या नळ्या आणि आडवे पत्रे असतात. त्यांतून वळणं घेत जाताना धुराचा आवाज जिरतो. पुढे हे पत्रे गंजतात, सुटतात, काजळीने भरतात, आणि धुराची वाट अडते. बाहेरून डबा मात्र धडधाकट दिसतो.

एक निवृत्त न्यायमूर्ती माझ्याकडे येत. एकदा अभिमानाने म्हणाले, "देसाई, गाडी हल्ली इतकी शांत झालीय, चालू आहे की बंद तेच कळत नाही."

"साहेब, लवकरच बंद असेल," मी म्हटलं.

त्यांना हा न्यायालयाचा अवमान वाटला. ते गाडी दुसरीकडे घेऊन गेले. तिथे इंजिन खोललं, पुन्हा बसवलं, आणि काही आठवड्यांनी न्यायमूर्तींची गाडी दोरीला बांधून माझ्या दारात आली. जुनी गाडी अचानक सभ्य झाली की मला काळजी वाटते, हे मी त्यांना तेव्हा समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण मान्य केलं असं वाटलं नाही.

दुसऱ्या एक डॉक्टरीणबाई. खेड्यापाड्यांतून बाळंतपणं करत फिरायच्या. त्यांची तक्रार अशी की गाडीत पायाखाली चटके बसतात, आणि मागे ठेवलेलं दूध घरी पोचेपर्यंत नासतं. "गाडीला ताप आहे हो," त्या म्हणाल्या. "थर्मामीटर लावणार होते, पण फुटला असता." निदान बरोबर होतं. धूर बाहेर जाऊ शकला नाही की त्याची सगळी उष्णता गाडीच्या पोटाखाली अडकते.

तर लक्षणं ही अशी. सपाटीला गाडी बरी चालते, चढावर दम सोडते. अॅक्सिलरेटर जितका दाबावा तितकी मरगळते. पेट्रोल जास्त पिते. खालून तापते. आणि डब्याला लाकडी हातोडीने टिचकी मारली तर आत काहीतरी खुळखुळतं.

परवा माझ्या पुतण्याने बेळ्ळंदूरहून फोन केला. त्याच्या नव्या गाडीत सायलेन्सरच्या पुढे आणखी एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात त्याला. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी, ती धुरातलं विष कमी करते. "काका, तो गेलाय म्हणतात. खरं असेल की मला बनवताहेत?" मी विचारलं, उड्डाणपुलावर चढताना धापा टाकते का? टाकते. खालून तापते? हो. खुळखुळ? हो. "आणि काका, नासक्या अंड्यांचा वास येतो." वास तेवढा नवीन. बाकी दुखणं माझ्या ओळखीचं निघालं. फोन ठेवल्यावर बराच वेळ हसत बसलो, कारण या दुखण्यापायी एका माणसाची नोकरी जाता जाता राहिलेली मी पाहिली आहे, आणि त्यात डब्याइतकाच भाषेचाही हात होता.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्या बाजूच्या एका सरकारी कारखान्यात परचुरे नावाचे अधिकारी पुण्याहून बदलून आले. मोठी इंजिनिअरिंगची पदवी, दारावर दाराला जड होईल अशी पितळी पाटी. माणूस वाईट नव्हता. फक्त स्वतःच्या पदाला तो स्वतःपेक्षा जास्त मान देत असे. देवळात गेले तरी काखेत फाइल असायची. मी बेळगावकडचा, घरात मराठी आणि दारात कन्नड बोलत वाढलेला, म्हणून त्यांना माझा आधार वाटे. कारखान्याची काळी गाडी त्यांच्या दिमतीला होती, आणि गाडीबरोबर मुनियप्पा.

मुनियप्पा होसकोट्याकडचा. हात हलका, गाडी लोण्यातून सुरी फिरवावी तशी चालवायचा. त्याला दोन सवयी होत्या. एक, तपकीर. दुसरी तपकिरीतूनच आलेली असावी. जगातल्या प्रत्येक दुखण्याला तो एकच नाव द्यायचा, "मूगु कट्टिदे." कन्नडात मूगु म्हणजे नाक, आणि कट्टिदे म्हणजे चोंदलं आहे. बॅटरी उतरली तरी गाडीचं नाक चोंदलेलं, चाक पंक्चर झालं तरी नाकच. कारखान्याचं कँटीन बंद पडलं तेव्हा कँटीनचंही नाक चोंदलं होतं.

एका सोमवारी सकाळी परचुरे साहेब स्वतः गाडी हाकत माझ्या वर्कशॉपात आले. त्यांना ती सवय नव्हती. दाराजवळची पाण्याची बादली चपटी करून ते थांबले आणि उतरून म्हणाले, "देसाई, पेट्रोलची टाकी उतरवा. आत मूग आहेत."

"काय आहेत?"

"मूग. हिरवे मूग. ड्रायव्हरने घातलेत. कबूल केलंय त्याने."

मी त्यांना आधी खुर्ची दिली, मग चहा मागवला, मग हकीकत ऐकली. आदल्या दिवशी, रविवारी, दिल्लीचे एक बडे पाहुणे कारखाना बघायला आलेले होते, त्यांना नंदी डोंगर दाखवायला साहेब घेऊन गेले होते. पाहुणे अचकन घालून मागे बसलेले, शेजारी परचुरे. डोंगराच्या पायथ्यापर्यंत गाडी झकास. चढ लागला तशी बैलगाडीच्या वेगाने चालू लागली, आणि मधल्या एका वळणावर उभीच राहिली. पाहुणे उतरून कठड्यावर बसले. तेवढ्यात सहलीला निघालेल्या लोकांची एक बस शेजारून गेली, आणि खिडक्यांतून सगळ्यांनी हात हलवले. दिल्लीच्या पाहुण्यांनीही सवयीने हात हलवला.

"तो क्षण," परचुरे म्हणाले, "मी विसरणार नाही."

मग त्यांनी मुनियप्पाला हिंदीत विचारलं, काय झालं? मुनियप्पाला हिंदी येत नाही. तो म्हणाला, "मूगु कट्टिदे, सार." साहेबांनी 'मूग' ऐकलं. त्यांनी विचारलं, मूग? कुठे? मुनियप्पाने मागे हात करून काहीतरी सांगितलं. या गाडीची पेट्रोलची टाकी मागेच असते. साहेबांना सगळा उलगडा झाला. आदल्या आठवड्यात त्यांच्या मंडळींनी मुनियप्पाला होसकोट्याच्या बाजारातून मूग आणायला पाठवलं होतं. वर त्याने गावच्या जत्रेसाठी मागितलेली रजा साहेबांनी नाकारली होती. साधन होतं, कारणही होतं. शेवटी त्यांनी दरडावून विचारलं, कोणी घातले? "आणि देसाई, तो माझ्या तोंडावर म्हणाला, मी केलं म्हणून!"

"मराठीत म्हणाला?"

"कन्नडमध्ये. थोडं थोडं कळतं आता मला."

आल्यापासून परचुरे कन्नड शिकवणारं एक पुस्तक वाचत होते. दोन धड्यांपुढे गेले नव्हते, पण त्या दोन धड्यांवर त्यांचा गाढ विश्वास होता.

"चावी काढून घेतलीय त्याची," ते म्हणाले. "शनिवारी चौकशी. नोकरीवरून काढणार म्हणजे काढणार. मला फक्त पुरावा पाहिजे. मूग काढा, बरणीत घाला, झाकण लावा. बरणीवर मी सही करेन."

मी टाकी उतरवली. सगळं पेट्रोल स्वच्छ धोतराच्या फडक्यातून गाळलं. थोडा गंज निघाला आणि एक मेलेली माशी निघाली. साहेब फडक्यावर वाकून बघत राहिले.

"विरघळले असणार," ते म्हणाले.

इंजिनिअरिंगच्या पदवीबद्दल मला आदर आहे. मी टाकी पुन्हा जागेवर बसवली.

दुपारी मुनियप्पा आला. गाडी माझ्याकडे आहे हे त्याला कळलं होतं. तो आत आला नाही, दाराशीच उभा राहिला, आणि चपट्या बादलीकडे बघून म्हणाला, "सायबांनी आणली वाटतं गाडी." मग आमचं कन्नडातून बोलणं झालं.

"अण्णा, सायबांचं डोकं ठीक आहे ना? ऑफिसातला कारकून म्हणतो, मी टाकीत मूग घातले. सायबांनी तसं लिहून दिलंय म्हणे."

"तू डोंगरावर नेमकं काय बोललास? शब्द न् शब्द सांग."

त्याने सांगितलं. पहिलं, गाडीचं नाक चोंदलं, ते तर तो नेहमीच म्हणतो. दुसरं, "हिंदे होगोणा, सार." म्हणजे मागे जाऊ या. पुढे चढ होता, म्हणून त्याने मागे फिरायला सांगितलं. आणि साहेब हिंदीत काहीतरी ओरडले, ते कळलं नाही, तेव्हा हतबल होऊन तो म्हणाला, "नानु एनु माडली, सार?" मी काय करू, साहेब?

पुस्तकाच्या पहिल्या धड्यात 'नानु' म्हणजे मी. दुसऱ्यात 'माडु' म्हणजे करणे. मधला 'एनु', म्हणजे काय, तो तिसऱ्या धड्यात असावा. तिथवर साहेब पोचले नव्हते. त्यामुळे त्यांच्या कानांनी 'मी' ऐकलं, 'केलं' ऐकलं, आणि पूर्ण कबुलीजबाब तयार झाला.

मी हसत सुटलो. वर्कशॉपात हातातला पाना खाली ठेवून हसलो. मुनियप्पा हसला नाही.

"हसा, अण्णा," तो म्हणाला. "तुमचं घर जात नाहीये."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. नोकरीबरोबर कारखान्याच्या वसाहतीतली खोलीही जाणार होती. त्याचा म्हातारा बाप त्याच्याजवळ होता, दोन मुली वसाहतीच्या शाळेत होत्या. शनिवारपर्यंत काहीतरी करायला हवं होतं.

मी त्याच संध्याकाळी परचुऱ्यांना गाठून व्याकरण समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"ठीक आहे. मूग नव्हते असं धरू. मग गाडी का थांबली?"

"ते बघतोय, साहेब."

"आता सपाटीवर उत्तम चालतेय. मग डोंगरावरच कशी थांबली? तुम्ही त्याची बाजू घेताय, देसाई. तुमच्या भाषेचा माणूस म्हणून."

"साहेब, माझी भाषा तर तुमची पण आहे की."

पण त्यांचं म्हणणं एका अर्थी बरोबर होतं. गाडी का थांबली हे सांगता येत नव्हतं तोवर त्यांच्याकडे मूग होते आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. मुनियप्पाला वाचवायचं तर गाडीचं दुखणं सापडायला हवं होतं.

आणि इथे मीही भाषेच्या मागे वाहवत गेलो. मुनियप्पा दहा वेळा नाक म्हणतो तेव्हा नऊ वेळा त्याला काही म्हणायचं नसतं. पण या वेळी डोक्यात नाकच बसलं. आमच्या धंद्यात गाडीचं नाक म्हणजे पुढे, कार्बुरेटरवर बसवलेला हवा गाळायचा डबा. तो काढला, धुतला, त्यातलं तेल बदललं. कार्बुरेटर साफ केला, प्लग बदलले. मग गाडी हलसूरच्या चढावर नेली. अर्ध्या चढावर तिने मान टाकली. उतरून दोन मिनिटं थांबलो, पुन्हा सुरू केली, तर काही झालंच नव्हतं अशी फुरफुरायला लागली.

हे थांबून पुन्हा बरं होणं मला छळत होतं. पेट्रोलची नळी चोंदली तर ती इतक्या पटकन मोकळी होत नाही. इंजिन झिजलं असेल तर ते विश्रांती घेऊन तरुण होत नाही. गाडी उभी राहिली की आत काहीतरी जागेवर जात होतं, आणि जोर लावला की पुन्हा वाटेत येत होतं.

माझ्याकडे अंतोणी नावाचा वेल्डर होता. कंटोन्मेंटातला, बोलायला तमिळ आणि गायला इंग्रजी. त्याला म्हटलं, आत बस आणि अॅक्सिलरेटर हळूहळू दाब. मी मागे जाऊन उकिडवा बसलो आणि नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तळहात धरला. हे करताना माणूस अत्यंत मूर्ख दिसतो, पण आज यंत्रं लावून जे मोजतात ते तेव्हा तळहाताला कळायचं. चांगल्या गाडीचा धूर हातावर ठोके मारतो, बारीक आणि एकसारखे. तसेच लागत होते. अंतोणीने वेग वाढवला, ठोके जोरात आले. आणखी वाढवला, आणि मध्येच कोणी दार लोटून घ्यावं तसे ठोके बंद झाले. हातावर नुसती कोमट फुंकर. पुढे इंजिनाचा आवाज दबत दबत बसला. अंतोणीने पाय काढला. क्षणभराने डब्यात टण्ण करून काहीतरी पडलं आणि ठोके परत आले.

"मास्टर!" अंतोणी आतून ओरडला. "इसका अंदर कोई है!"

होतंच. आतला एक आडवा पत्रा सुटला होता. एरवी तो डब्याच्या तळाशी झोपून राहायचा. चढावर इंजिन जोरात श्वास सोडू लागलं की धुराच्या जोराने उठून बाहेरच्या तोंडावर जाऊन चिकटायचा, झाकणासारखा. गाडी थांबली की पुन्हा झोपायचा. नाक खरंच चोंदत होतं. फक्त ते मी शोधत होतो त्याच्या दुसऱ्या टोकाला होतं.

डबा लगेच कापून बघायचा मोह अंतोणीला झाला. मी त्याला थांबवलं. कापलेला डबा परचुऱ्यांपुढे ठेवला असता तर ते म्हणाले असते, हा पत्रा तुम्हीच कापलात. त्यांना डोळ्यांनी पटवण्यात अर्थ नव्हता. या प्रकारचं निदान पक्कं करायची एक जुनी रीत आहे: डब्याच्या अलीकडचा जोड सोडायचा, डबा बाजूला करायचा, आणि गाडी तशीच चढावर न्यायची. श्वास मोकळा झाला तर गाडी चढते. अडचण एवढीच की सायलेन्सर नसतो.

शुक्रवारी मी गाडी घेऊन वसाहतीत गेलो. जोड अजून घट्ट होता, त्यामुळे शांतपणे गेलो. परचुरे साहेब कोट-टाय घालून बाहेर आले आणि मागच्या सीटवर बसले, कारण चाचणी असली तरी ते मागेच बसत. वसाहतीच्या फाटकापासून मोठ्या साहेबांच्या बंगल्यापर्यंत चांगला खडा चढ होता. पहिल्या खेपेला गाडी मध्यावर बसली. साहेब म्हणाले, "बघा! मूग!"

मी खाली सरकून जोड सोडला, डबा मागे डिकीत टाकला आणि गाडी सुरू केली.

त्या आवाजाचं वर्णन करणं अवघड आहे. आसपासच्या शेतांतून (आज तिथे इंदिरानगर आहे) बगळे उडाले. दोन्ही बाजूंचे व्हरांडे माणसांनी भरले. ज्या चढावर मघाशी गाडीने मान टाकली होती तिथून ती अशी वर गेली की साहेब सीटच्या पाठीला चिकटले आणि त्यांची हॅट मागच्या काचेवर जाऊन बसली. मोठ्या साहेबांच्या बाई फाटकाशी आल्या होत्या. परचुऱ्यांनी त्यांना नमस्कार केला. त्या धडधडाटात तो फार केविलवाणा दिसला.

"कळलं!" साहेब ओरडत होते. "कळलं, देसाई! बंद करा!"

"काय म्हणालात, साहेब?" मी विचारलं, आणि आणखी एक वळण घेतलं. धंद्यात असे प्रसंग रोज येत नाहीत.

परत त्यांच्या घरासमोर आलो. वहिनी पायरीवर उभ्या होत्या. त्यांना सगळं प्रकरण ठाऊक होतं, आणि पहिल्या दिवसापासून पटलेलं नव्हतं. "मी यांना तेव्हाच म्हटलं," त्या मला म्हणाल्या, "मुगाला मोड यायला पाणी लागतं, पेट्रोल नाही. आणि मी मोजून दिलेल्या डब्यात मूग मोजून परत आलेत. पण स्वयंपाकघरातलं मत चौकशीत धरत नाहीत."

अंतोणी छिन्नी घेऊन आला होता. त्याने अंगणातच डबा कापला. सुटलेला पत्रा, कडेला काजळी, आणि जिथे तो तोंडावर बसायचा तिथे चंद्रासारखी स्वच्छ घासलेली खूण. परचुरे बराच वेळ ती खूण बघत राहिले. पदवी खरी होती. एकदा खूण दिसल्यावर त्यांना दुसरं काही सांगावं लागलं नाही. त्यांनी अंतोणीला दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. अंतोणीने तो पत्रा पुढे नव्याने बसवून डबा असा जोडून दिला की सांधा दिसेना. आता असं कोणी करत नाही, अख्खा डबाच बदलतात. त्यात वेळ वाचतो हे मला मान्य आहे. पण आत काय बिघडलं होतं ते कोणालाच बघायला मिळत नाही, याचं वाईट वाटतं.

"चौकशी रद्द," साहेब म्हणाले. "बोलवा त्याला."

मुनियप्पा आला आणि अंगणाच्या कडेला उभा राहिला. साहेबांनी खिशातून चावी काढून पुढे धरली. मुनियप्पाने हात पुढे केला नाही.

मध्ये मी. दोघांचीही भाषा समजणारा एकटाच.

"त्याला म्हणावं," परचुरे म्हणाले, "अशा वेळी स्पष्ट बोलायला हवं. गोंधळ त्याच्यामुळे झाला."

मी कन्नडात मुनियप्पाला सांगितलं, "साहेब म्हणतात, त्यांनी नीट ऐकायला हवं होतं."

"त्यांना सांगा," मुनियप्पा म्हणाला, "नाक चोंदलं आणि मूग यातला फरक कळत नसेल तर माणसाने बाहेर पडू नये."

मी साहेबांना सांगितलं, "तो म्हणतो, भाषेचा प्रश्न आहे."

"बरोबर," साहेब म्हणाले. "मग चावी का घेत नाही?"

मी विचारलं. मग तो साहेबांकडे न बघता, वहिनींकडे बघून बोलला. आवाज चढला नव्हता. नोकरी गेली असती तर गेली असती, तो म्हणाला, रागाच्या भरात कोणी वाळू घातली म्हटलं असतं तरी ऐकून घेतलं असतं. पण अन्न? पेट्रोलमध्ये अन्न टाकणारा माणूस वाटलो मी यांना?

मी हे वाक्य कसं मऊ करावं याचा विचार करत होतो. तो वाया गेला. अन्न हा शब्द दोन्हीकडे एकच आहे. परचुऱ्यांना बाकी काही कळलं नसेल, पण तो शब्द त्यांच्यापर्यंत थेट पोचला. त्यांची मान खाली गेली. वहिनींनी तोंडावर पदर धरला.

बऱ्याच वेळाने साहेब माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "देसाई, चूक झाली याला काय म्हणतात?"

"तप्पायतु."

त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. मग कोटाचं बटण लावलं, मुनियप्पासमोर जाऊन उभे राहिले आणि संपूर्ण वसाहतीला ऐकू जाईल अशा आवाजात काहीतरी म्हणाले. ते 'तप्पायतु' नव्हतं. त्यात पुण्याचे दोन-तीन जास्तीचे स्वर होते आणि शेवटी एक अनुस्वारही असावा.

मुनियप्पाने गोंधळून माझ्याकडे बघितलं. "अण्णा, काय म्हणाले साहेब?"

त्या दिवशी पहिल्यांदाच मी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं. "चूक झाली म्हणाले."

"मग हे कन्नडात सांगायचं की!" मुनियप्पा म्हणाला, आणि त्याने चावीसाठी हात पुढे केला.